परमिट

नऊ वाजता, न्याहारी झाली की हे दूध आणायला निघतात.
मी पिशवी हातात देते, शंभराची नोट वरच्या खिशात,
आणि ओसरीवर मेथी निवडायला बसते.
मागं जायचं नाही. हे माझं माझ्याशीच ठरलंय.

घरापासून डेअरीपर्यंत अकरा खांब.
यांना पत्ता सांगता येत नाही आता,
पोराचं नाव कधी सापडतं, कधी नाही,
पण खांब येतात.
बत्तीस वर्षं वसमतच्या तारांवर काढली.
तिसऱ्याला ताण दिलेला, सातवा जरा वाकलाय,
हे माझ्यापेक्षा यांच्या पायांना माहीत.

चौथ्यापाशी मोईनचं हॉटेल.
कपबशा विसळता विसळता तो प्रणिताला फोन लावतो:
"काका निघायलेत." एवढंच.
प्रणिता झेरॉक्सच्या मशीनवरून मान वर करते,
वाकडा खांब ओलांडेपर्यंत बघते,
मग मेडिकलवाल्या संगेवारांना नुसती एक रिंग.
शेवटी डेअरीवरून मला मिसकॉल.
तोवर माझी मेथी काही निवडून होत नाही.

मोईनकडं एक वही आहे.
चहा एकच पितात, पैसे कधी तीनदा देतात.
तो तिन्ही वेळा घेतो. "दिलेत की काका" म्हणत नाही.
महिन्याअखेरीला जास्तीचे आणून देतो,
वहीचं पान उघडून, पैशापैशाचा हिशोब.
मी सांगितलं नव्हतं त्याला. कुणीच नव्हतं सांगितलं.

पुण्याहून पोरगा म्हणतो, आई, गेटला कुलूप लाव.
त्याचं चुकत नाही. तो तिथं बसून घाबरतो,
मी इथं.
लावलं होतं मी कुलूप. चार दिवस.
चौथ्या दिवशी यांना शर्टाची बटणं लावता येईनात.

मागच्या बुधवारी मिसकॉल आला नाही.
हळद उकडायचे दिवस, हवेला तोच वास,
मी तशीच, मेथीच्या हातानं, नवव्या खांबापर्यंत पळाले.
गर्दी. लाईट गेलेली.
डीपीसमोर हे दोन्ही हात आडवे करून उभे,
दुधाची पिशवी मनगटात अडकवलेली.
"चालू करू नका. वर सोपान आहे."

वर कुणी नव्हतं. एक कावळा,
मांजाचा तुकडा.
सोपानला जाऊन सव्वीस वर्षं झाली.
कुणीतरी न विचारता खटका ओढला होता.
मला हे त्याच्या बायकोनं सांगितलं,
यांनी घरात कधी नाही.

पोरं हसायली. स्कूटरवाला म्हणाला,
म्हाताऱ्याला बाजूला घ्या.
मी पुढं होणार, तेवढ्यात नवा वायरमन आला,
विशीतलं पोरगं, मिसरूड नुकतं फुटलेलं.
त्यानं वर बघितलं. यांच्याकडं बघितलं.
मोबाईल कानाला लावला, पलीकडं कुणी होतं का कोण जाणे:
"सबस्टेशन? परमिट माझ्या नावावर आहे.
मी सांगेपर्यंत लाईन चालू करायची नाही."

आणि यांच्या शेजारी उभा राहिला, मान वर करून.
मग संगेवारांनी मान वर केली. प्रणितानं. मी.
शेवटी स्कूटरवाल्यानंही.
पाच मिनिटं असतील. उन्हानं डोळ्यात पाणी येऊ लागलं.

"उतरला," हे म्हणाले.
पोराच्या खांद्यावर हात ठेवला.
"अर्थिंग काढलीस?"
"काढली, साहेब."
"सगळी माणसं मोजलीस?"
त्यानं आमच्याकडं बघत खरंच मोजली.
"मोजली."
"मग कर चालू."

दोघं दहाव्या खांबाकडं गेले, काहीतरी बोलत.
मी मागं गेले नाही.

मिसकॉल पावणेअकराला आला.
दूध दोन लिटर आणलं होतं.
एकाचं विरजण लावलं.